पवनचक्की बनवायला लागलेली ऊर्जा ती कधी परत देते? चाळकेवाडी, वनकुसवडे आणि हिशोबात न बसणारा सडा

घाटमाथा (धागाकर्ती)

सोसायटीच्या ग्रुपवर आणि शाळेच्या जुन्या ग्रुपवर सध्या एकच फॉरवर्ड फिरतोय. पवनचक्कीचा फोटो आणि खाली मजकूर: दोन मेगावॅटच्या एका चक्कीत २६० टन पोलाद असतं, त्यासाठी १७० टन कोकिंग कोळसा आणि ३०० टन लोहखनिज लागतं, आणि ती मोडून पडेपर्यंत फिरली तरी बनवताना लागलेली ऊर्जा भरून निघत नाही. खाली थॉमस होमर-डिक्सन या कॅनेडियन प्राध्यापकांचं नाव.

आधी नावाचं सांगते. मजकूर त्यांचा नाही. तो डेव्हिड ह्यूज या भूगर्भशास्त्रज्ञाच्या लेखातला आहे. २००९ साली एका संग्रहात तो लेख आला आणि होमर-डिक्सन त्या संग्रहाचे संपादक होते. मूळ उताऱ्यात असलेली गोष्ट फॉरवर्डमधून गाळली आहे: वारा चांगला असलेल्या जागी ही ऊर्जा तीन वर्षांत किंवा त्याआधीच परत मिळू शकते, वाईट जागी कदाचित कधीच नाही. म्हणजे लेखक जागेच्या निवडीबद्दल बोलत होता. अर्धं कापून उरलेलं पवनऊर्जेच्याच विरोधात फिरवलं गेलं.

आता त्याच आकड्यांवर गणित करू. एक टन चांगला कोकिंग कोळसा जाळला की साधारण ७,८०० युनिट इतकी उष्णता मिळते. १७० टनांचे झाले सुमारे १३ लाख युनिट. दोन मेगावॅटची चक्की २२ टक्के पीएलएफने, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या सरासरी २२ टक्के, चालली तर वर्षाला ३८ लाख युनिट वीज देते (२,००० किलोवॅट × ८,७६० तास × ०.२२). उष्णतेचं एक युनिट आणि विजेचं एक युनिट समान धरलं तरी चार-सव्वाचार महिन्यांत कोळसा वसूल. खरं तर वीज जास्त मोलाची, कारण औष्णिक केंद्रात तेवढी वीज काढायला जवळपास तिप्पट उष्णता जाळावी लागते.

यात अजून काँक्रीट, पाती, रस्ते, वाहतूक काही धरलेलं नाही. ज्यांना त्यातलं कळतं त्यांनी भर घालावी. मला हे नीट समजून घ्यायचंय, कारण आमचं आजोळ पाटण तालुक्यात आहे आणि वनकुसवड्याच्या पठारावरचे पंखे मी लहानपणापासून बघत आलेय.

भट्टीवाला

चांगला धागा. आयुष्य पोलाद कारखान्यात गेलं, म्हणून त्या बाजूचं लिहितो.

जगाची सरासरी एक टन पोलादामागे साधारण १.९ टन कार्बन डायऑक्साइड अशी आहे. आपल्याकडे ती जास्त, अडीच टनांच्या आसपास, कारण आपल्याकडे कोळशावर चालणारे स्पंज आयर्नचे कारखाने बरेच आहेत आणि भंगार कमी वापरलं जातं. तेव्हा भारतातल्या चक्कीसाठी अडीचच धरा. टॉवर, नॅसेल (टॉवरच्या टोकावरची यंत्राची पेटी) आणि पायातली सळई मिळून ३०० टन पकडले तर ७५० टन कार्बन डायऑक्साइड.

पायाला साधारण ४०० घनमीटर काँक्रीट. घनमीटरला ३०० किलो कार्बन डायऑक्साइड धरून १२० टन. पाती काचतंतू आणि इपॉक्सीची. तीन मिळून २५ टन आणि टनामागे पाच टन धरले तर १२५. रस्ता, क्रेन, ट्रेलर, वीस वर्षांची देखभाल, तेलबदल या सगळ्यासाठी मी २५० टन टाकतो, हात जरा सैल ठेवून. बेरीज १,२४५.

समोरच्या बाजूला आपल्या ग्रिडचं एक युनिट म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी हा आकडा काढतं. ३८.५ लाख युनिटांमागे वर्षाला २,७०० टन. म्हणजे साडेपाच महिने.

कुणी म्हणेल की तुम्ही कमी धरलंत. ठीक, सगळं दुप्पट करा. तरी अकरा महिने.

घाटमाथा

धन्यवाद भट्टीवाला काका, हेच हवं होतं. तुमचे १,२४५ टन वीस वर्षांच्या विजेवर वाटले तर युनिटमागे १६ ग्रॅम येतात. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, २०१४ च्या अहवालात जमिनीवरच्या पवनऊर्जेचा मध्यक ११ ग्रॅम आहे आणि कोळशाचा ८२०. आपला घरगुती हिशोब त्या मोठ्या अभ्यासांच्या पंक्तीत बसतोय हे बघून बरं वाटलं. एक विचारायचं होतं: जुन्या गिअरलेस यंत्रांतल्या चुंबकांसाठी चीनमध्ये खाणकाम होतं, त्याचं काय?

भट्टीवाला

निओडायमियमचे कायमचे चुंबक सगळ्याच यंत्रांत नसतात. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीला जर्मन बनावटीची जी जुनी गिअरलेस यंत्रं आहेत त्यांत तांब्याच्या गुंडाळीतून वीज सोडून चुंबकत्व तयार करतात, निओडायमियमसारखे दुर्मीळ मृदा धातू त्यात लागत नाहीत. नव्या मोठ्या यंत्रांत, विशेषतः समुद्रातल्या, कायमचे चुंबक बरेच असतात आणि चीनमध्ये बाओटोच्या आसपास त्या धातूंच्या शुद्धीकरणातून झालेलं प्रदूषण खरं आहे. कार्बनच्या बेरजेत तो आकडा लहान आहे, पण तिथल्या गावांसाठी लहान नाही.

गोदाकाठ

हिशोब कागदावर सुंदर आहे, पण माझी मूळ शंका वेगळी आहे. आपल्याकडे वारा जून ते सप्टेंबर वाहतो. त्या काळात धरणं भरतात, पंप बंद, पंखे-एसी कमी, म्हणजे मागणीच कमी. शिवाय वारा पडला तर काय म्हणून औष्णिक संच चालूच ठेवावे लागतात. मग ०.७ किलो वाचले असं कसं म्हणता? कोळसा जळतच असतो. हा प्रश्न मी दहा ठिकाणी विचारलाय, कुणी आकड्यात उत्तर देत नाही.

लोडडिस्पॅच (निवृत्त)

आकड्यात देतो. नोकरीचा बराच काळ भारप्रेषणात, म्हणजे कुठल्या संचाने किती वीज द्यायची हे ठरवण्यात, गेला.

संच चालू असतो हे खरं. पण चालू असणं आणि पूर्ण भाराने चालणं यात फरक आहे. वारा वाढला की ऐरोलीच्या राज्य भारप्रेषण केंद्रातून महागड्या संचांना भार उतरवायला सांगतात. ५५ टक्क्यांपर्यंत उतरवता येतो, त्याला तांत्रिक किमान म्हणतात. समजा ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भारावर आहे आणि युनिटमागे ६५० ग्रॅम कोळसा खातो. तासाला ३२५ टन. त्याला ३५० वर आणला. कमी भारावर कार्यक्षमता घसरते, म्हणून युनिटमागे पाच टक्के जादा कोळसा पकडू. तासाला सुमारे २३९ टन. वाचले ८६ टन. घसरण झालीच नसती तर साडेसत्त्याण्णव वाचले असते.

म्हणजे गोदाकाठ, तुमच्या शंकेत तथ्य आहे, पण ते शंभरातल्या बारांपुरतं. उरलेले अठ्ठ्याऐंशी खरोखर वाचतात आणि कोळसा यार्डात पडून राहतो. वरच्या हिशोबात ही कपात लावली तर साडेपाचचे सव्वासहा महिने होतात.

पावसाळ्यात मागणी कमी असते हेही दरवर्षी खरं नसतं. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. शेतीपंप धो धो चालू आणि देशाची मागणी विक्रमी. पावसाळ्यात खाणींत पाणी भरतं, कोळसा ओला येतो, साठे खाली जातात. नेमक्या त्या दिवसांत पश्चिमेचा वारा असतो. कोळशाच्या मालगाड्या (रेक) कधी लागतात याची वाट बघत रात्रपाळी काढलेल्या माणसाला त्या वाऱ्याची किंमत विचारा.

गोदाकाठ

आभारी आहे. बारा टक्क्यांचा आकडा पहिल्यांदाच कुणीतरी दिला. हिवाळ्यातल्या संध्याकाळचं काय करायचं हा माझा प्रश्न उरतोच, पण तो साठवणुकीचा विषय, इथे नको.

तिसा

हा धागा वाचताना सतत एक गोष्ट खटकत होती म्हणून खास लॉगिन केलं. सगळे कार्बनमध्येच मोजताहेत. चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या उघड्या कातळाच्या पठारावर, मी बरीच वर्षं पक्षी बघायला जाते, तिथलं सांगते.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा शोधनिबंध आला. अभ्यास चाळकेवाडीचाच. एकच पठार, एका भागात सोळा-वीस वर्षं चक्क्या चालू, दुसऱ्या भागात नाहीत. बाकी माती, गवत, उंची सारखी. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी. तिसा, कापशी आणि बझर्ड मंडळी तिकडे फिरकेनाशी झालेली.

पुढचं जास्त महत्त्वाचं. शिकारी कमी झाल्यावर त्यांचं भक्ष्य वाढलं. सड्यावर गळ्याला पंखा असलेला सरडा असतो, सारडा सुपर्बा, २०१६ मध्येच शास्त्रीय नाव मिळालेला. एप्रिल-मेमध्ये नर दगडावर चढतो, मान वर करतो आणि गळ्याखालची झालर उघडतो: निळी, काळी आणि नारिंगी, उन्हात डोळे दिपवणारी. चक्क्यांच्या भागात हे सरडे दाटीने आढळले. माणूस जवळ गेला तरी ते उशिरा पळायचे, रक्तात ताणाचं संप्रेरक कमी. पण दाटी झाल्यामुळे खाणं पुरेना, अंगाने ते खंगलेले आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके.

एका झालरीचा रंग उतरतो तो कुठल्या ग्रॅममध्ये मोजायचा? मी पवनऊर्जेच्या विरोधात नाही. माझ्या घरची वीजही त्याच ग्रिडवरून येते. पण "सहा महिन्यांत फिटलं" असं लिहिताना काय फिटलं ते स्पष्ट लिहावं, एवढीच विनंती.

घाटमाथा

तिसाताई, हा प्रतिसाद आला नसता तर धागा अर्धाच राहिला असता. तुमचा मुद्दा मला हिशोबाच्या भाषेत मांडून बघायचाय. आधी इतर मंडळींचं येऊ दे.

क्लाइडकाठ

ग्लासगोहून लिहितोय. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर व्हाइटली आहे, २१५ चक्क्या, ५३९ मेगावॅट. सुट्टीच्या दिवशी लोक तिथे सायकली घेऊन जातात.

इथे जमिनीचा प्रश्न कार्बनमध्येच मोजता येतो, कारण जमीनच कार्बनची आहे. स्कॉटलंडच्या डोंगरमाथ्यांवर पीट असतं, हजारो वर्षांच्या शेवाळाचा, न कुजलेला, पाण्याने भिजलेला थर. काही ठिकाणी अनेक मीटर जाड. पाया खणला, रस्त्याकडेने चर काढले की पाणी उतरतं, पीटला हवा लागते आणि साठलेला कार्बन वर्षानुवर्षं बाहेर पडत राहतो. चुकीच्या जागी चर खणले तर परतफेड महिन्यांवरून वर्षांवर जाते. म्हणून इथल्या सरकारने खास गणनपत्रक केलं आहे: पीटवर मोठा प्रकल्प करायचा तर पीटची खोली, चरांचं अंतर, उचललेली माती सगळं भरून परतफेडीचा काळ दाखवावा लागतो.

शेजारच्या आयर्लंडमधलं डेरीब्रायन माहीत करून घ्या. गॉलवे परगण्यात ऑक्टोबर २००३ मध्ये बांधकाम चालू असतानाच डोंगराचं पीट सरकलं, साडेचार लाख घनमीटरच्या आसपास. नदीत उतरून कित्येक किलोमीटर वाहिलं, मासे मेले. पर्यावरणीय मूल्यांकन नीट न करताच परवानगी दिल्याबद्दल युरोपीय न्यायालयाने आयर्लंडला २०१९ मध्ये ५० लाख युरो दंड केला, वर दिवसाला १५,००० युरो. शेवटी २०२२ मध्ये ते केंद्र बंद करायचं ठरलं. चक्क्या चांगल्या होत्या, वाराही चांगला होता.

घाटमाथा

आता जुळलं. स्कॉटलंडमध्ये डोंगर उकरला की कार्बनच्या खात्यात लगेच दिसतं. आपला सडा जांभ्याचा. वर माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. कार्बन जवळपास नाहीच, म्हणून सड्यावर जेसीबी फिरवला तर परतफेडीच्या गणितात एक महिनासुद्धा वाढत नाही.

आणि त्याच बोटभर मातीत, पावसाने भरलेल्या कातळातल्या खळग्यांत, सीतेची आसवं, गेंद, वायतुरा फुलतात. वायतुऱ्याच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे. कास २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं ते याच बोटभर मातीमुळे. चाळकेवाडीचा सडा त्याच रांगेतला.

म्हणजे कार्बनचं खातं जिथे जमिनीला शून्य किंमत देतं, नेमकी तिथेच आपली सर्वांत दुर्मीळ जमीन आहे. मोठमोठे अभ्यास चुकीचे नाहीत, पण सडा त्यांच्या रकान्यात बसत नाही. आणि सातबाऱ्यावर तीच जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून लागलेली असते ते वेगळंच.

पाटणखोरं

मी ज्या गावचा त्या गावाच्या डोक्यावर चक्क्या आहेत. नाव लिहीत नाही.

वाडीवरच्या लोकांच्या दृष्टीने सडा पडीक कधीच नव्हता. पावसाळ्यात गुरं वर, दिवाळीनंतर गवत कापून खाली. नाचणी-वरीचे तुकडे होते. ती जमीन आमच्या आज्याने आणि भावकीने विकली तेव्हा मधले एजंट यायचे, एकराला काय भाव दिला हे सांगायला आजही लाज वाटते. नंतर ती कुणाकुणाच्या नावावर फिरली ते आम्हाला पेपरात वाचून कळलं.

दुसरी बाजूही लिहितो. आमच्याकडे पक्का रस्ता चक्क्यांमुळे आला. पूर्वी बाळंतिणीला डोलीतून उतरवावं लागायचं. गावातली पोरं वॉचमन, काही आयटीआय करून टेक्निशियन. ज्यांनी टॉवरच्या आतल्या शिडीने पावसात वर चढून काम केलंय त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

पण रस्ता कसा काढला ते बघा. उताराला आडवा कट मारला, मुरूम खालच्या बाजूला ढकलून दिला. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत तो मुरूम ओढ्याने आमच्या खाचरांत आला. केबलसाठी कातळात चर मारले, तेव्हापासून सड्यावरचं पाणी पूर्वीच्या वाटेने येत नाही. चर जिथे संपतो तिथून धो धो येतं. झऱ्याला आता होळीपर्यंतही पाणी टिकत नाही.

तिसा

पाटणखोरं दादा, तुम्ही लिहिलंत ते भीमाशंकरकडेही झालं. पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात तिथल्या पवनचक्क्यांचा उल्लेख आहे: जंगलातून काढलेले रस्ते, उभे कट, खाली घसरणारी माती. रस्ताच सगळ्यात जास्त नुकसान करतो. चक्कीचा पाया पंधरा-वीस मीटरचा, पण ती उभी करायला जाणारी क्रेन डोंगर रुंद करून घेते.

हिशेबनीस

जमीन कुणाकुणाच्या नावावर का फिरली ते मी सांगू शकतो, व्यवसायाने सीए आहे.

नव्वदच्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा (यंत्राच्या झिजेपोटी करपात्र नफ्यातून मिळणारी वजावट) मिळायचा, २००२ नंतर ८० टक्के. ज्याला ज्या वर्षी मोठा नफा झाला त्याने मार्चअखेरच्या आत चक्की विकत घ्यायची आणि कर वाचवायचा. कापड गिरणी, वाहन कारखाना, सराफ, सिनेमातली मंडळी, सगळ्यांनी घेतल्या. गुंतवणूकदाराचा फायदा चक्की उभी राहण्यात होता, किती युनिट निघतात हे दुय्यम. म्हणून काही चक्क्या चांगल्या वाऱ्याच्या जागी लागल्या आणि काही फक्त तारखेच्या आत लागल्या.

डिसेंबर २००९ मध्ये युनिटमागे ५० पैसे देणारी योजना आली तेव्हा पहिल्यांदा प्रत्यक्ष विजेला पैसे मिळू लागले. घसाऱ्याची सवलत २०१२ ला गेली, २०१४ ला परत आली, २०१७ पासून ४० टक्क्यांवर आहे. धाग्याच्या सुरुवातीला जे "वाईट जागी कदाचित कधीच नाही" वाक्य आहे, त्याची मुळं आपल्याकडे कर कायद्यात सापडतील.

भट्टीवाला

"कधीच नाही" इतकी वाईट जागा आपल्याकडच्या चालू चक्क्यांत मला तरी माहीत नाही. दहा टक्के पीएलएफ धरा, तरी वरच्या हिशोबाने वर्षभरात वसूल. पण जी चक्की गिअरबॉक्स गेल्यावर दुरुस्तच केली नाही, तांब्याच्या केबल चोरीला गेल्या आणि वर्षानुवर्षं नुसती उभी आहे, तिचं काय मोजणार? तशा बऱ्याच दिसतात.

साक्रीकर

आमच्याकडे ब्राह्मणवेलचं पठार आहे, पाचशे मेगावॅटच्या वर. तिथेही काही जुन्या चक्क्या बंद दिसतात. प्रश्न असा की पात्यांचं पुढे काय करतात? पोलाद भंगारात जाईल, तांबं जाईल. पाती?

क्लाइडकाठ

पाती हाच अवघड भाग. इपॉक्सी एकदा घट्ट झाली की वितळत नाही. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्परला पाती कापून जमिनीत पुरल्याचे फोटो जगभर फिरले. युरोपात बरीच पाती तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत टाकतात. इपॉक्सी जळून उष्णता मिळते आणि काचतंतूतली सिलिका क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या कच्च्या मालात, जाते. पुन्हा विरघळणाऱ्या रेझिनची पाती २०२१ मध्ये बाजारात आली आणि २०२२ ला जर्मनीच्या कास्कासी या समुद्रातल्या केंद्रावर लागली. पण सध्या उतरणारी पाती जुन्या रेझिनचीच.

भट्टीवाला

आपल्याकडे सिमेंटच्या भट्ट्या चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात आहेत. साक्री किंवा पाटणहून तिकडे पाती न्यायची तर जागेवरच कापावी लागतील. कापताना काचेची धूळ उडते, ती फुप्फुसात जाते. हे काम भंगारवाल्याच्या ग्राइंडरने उघड्यावर होऊ नये यासाठी आत्ताच नियम हवेत.

घाटमाथा

यावरून नव्या धोरणाकडे येते. केंद्राचं पुनर्विद्युतीकरणाचं, म्हणजे रीपॉवरिंगचं, सुधारित धोरण डिसेंबर २०२३ मध्ये आलं. दोन मेगावॅटपेक्षा लहान चक्क्या काढून त्यांच्या जागी मोठ्या लावायच्या. चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेने अशी शक्यता २५ गिगावॅटच्या वर काढली आहे. देशाची एकूण पवनक्षमताच मार्च २०२५ ला ५० गिगावॅटच्या पुढे गेली, त्यावरून अंदाज घ्या.

वनकुसवड्याला ३५० किलोवॅटची भरपूर यंत्रं आहेत, पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ३३ मीटर. आज २.१ मेगावॅटचं यंत्र १२० मीटर व्यासाचं मिळतं. सहा जुन्यांच्या क्षमतेइतकं एक नवं. पण झाडलेलं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून ते एका जुन्याच्या तेरापट. सहा जुने मिळून जेवढं आकाश झाडतात त्याच्या दुपटीहून जास्त एकटं नवं झाडतं, तेही उंचावरच्या जोरकस वाऱ्यात. म्हणजे वीज जास्त, पाये सहाऐवजी एक.

कार्बनच्या आणि सड्याच्या, दोन्ही खात्यांत एकाच वेळी जमा होईल असा मला दिसलेला हा एकमेव मार्ग. नवीन सडा फोडायचा नाही, फोडलेल्यावरच दाट वीज काढायची आणि मोकळे झालेले पाच पाये सड्याला परत द्यायचे.

हिशेबनीस

मालकी विसरू नका. सहा चक्क्यांचे सहा मालक असतात, प्रत्येकाचा वेगळा वीजखरेदी करार, वेगळी मुदत. त्यांना एकत्र आणणं हेच खरं काम आहे.

तिसा

आणि रस्ता. ५८-६० मीटरचं एकसंध पातं घाटाच्या वळणांवरून वर न्यायचं तर वळणं कापावी लागतील. पाच पाये परत मिळाले आणि घाट रुंद झाला तर काय कमावलं? पातं उभं धरून नेणारे ट्रेलर असतात, ते खर्चिक पडतात म्हणून टाळले जातात. पक्ष्यांसाठीही सोप्या गोष्टी आहेत. नॉर्वेत स्म्योला बेटावर तीनपैकी एक पातं काळं रंगवल्यावर त्या चक्क्यांखाली मरणारे पक्षी सत्तर टक्क्यांहून जास्त कमी झाले, २०२० ला निबंध आला. चक्क्या चारच होत्या, म्हणून तो अखेरचा पुरावा नव्हे, पण आपल्याकडे करून बघायला काय हरकत?

पाटणखोरं

हे सगळं बोलायचं कुठे? जनसुनावणी लागली की गाव जाईल. रीपॉवरिंगचं आमच्याकडे कुजबुजीत ऐकू येतंय. माणसं येऊन मोजून जातात.

लोडडिस्पॅच (निवृत्त)

जनसुनावणी लागणार नाही. २००६ च्या पर्यावरणीय मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही, त्यामुळे प्रकल्प कितीही मोठा असला तरी मूल्यांकन नाही आणि सुनावणीही नाही. प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत २०१६ पासून ती पांढऱ्या गटात आहे, म्हणजे जवळजवळ निरुपद्रवी. वनजमीन असेल तरच वनखात्याची परवानगी लागते. धुराच्या दृष्टीने हे वर्गीकरण बरोबर आहे. डोंगराच्या दृष्टीने नाही. मी पवनऊर्जेच्या बाजूचा माणूस आहे आणि म्हणूनच मला वाटतं की सड्यांसाठी आणि घाटमाथ्यासाठी तरी ही सूट काढली पाहिजे. वर डेरीब्रायनचं वाचलंत ना.

पाटणखोरं

मग आम्ही ग्रामसभेतच ठराव घेतो. त्यात काय मागायचं ते कुणीतरी नीट लिहून द्या. आमचे सरपंच ऐकणारे आहेत.

घाटमाथा

दादा, मी मसुदा करते. सध्या मनात आहे ते असं: नवीन रस्ता नको, आहे त्याच रस्त्याने आणि पातं उभं नेणाऱ्या ट्रेलरने काम. उताराखाली मुरूम ढकलायचा नाही, उचलून न्यायचा. जुन्या पायांचं काँक्रीट किमान मीटरभर खोलीपर्यंत फोडून काढायचं आणि खळगे पूर्वीसारखे पाणी धरतील असे सोडायचे. केबलचे चर जुन्याच वाटेने, तोंडाशी दगडी बांध. पाती गावात कापायची नाहीत. काम सुरू होण्याआधी तुमच्या झऱ्याचं पाणी दर महिन्याला मोजून ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहायचं, म्हणजे पुढे वाद झाला तर हातात कागद असेल. ही मोजणी आजपासूनच सुरू करा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तिसाताई, शिकारी पक्ष्यांच्या आधीच्या नोंदी तुमच्याकडे असतील तर त्या जोडायच्या का? हिशेबनीस, भाडेपट्टा संपलेल्या पायाची जमीन कुणाकडे जाते ते बघून सांगाल?

हिशेबनीस

करार बघावे लागतील, विकत घेतलेली जमीन आणि भाड्याची जमीन यांत फरक पडतो. दादा, फेरफार उतारे काढून ठेवा, तलाठी कार्यालयात मिळतील.

तिसा

नोंदी आहेत. तारखेनिशी देते. एप्रिलमध्ये सरड्यांच्या वेळेला वर जाणार आहेच, गावातली मुलं सोबत आली तर त्यांनाही मोजायला शिकवीन.

पाटणखोरं

मुलं येतील. झऱ्याखाली उद्या हंडा लावून किती वेळात भरतो ते मोजतो आणि इथे लिहितो.